‘स्वभाव’ सोडून दहा कारणं

माझ्या मागच्या दारापासून मोठ्या जावेच्या पुढच्या दारापर्यंत साठ पावलं. माझी साठ. माझ्या नवऱ्याची पंचेचाळीस, कारण तो चालत नाही, उड्या मारतो. आणि आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, विहिरीपाशी एक विसावा धरून सव्वाशे. मधे सुपारीची झाडं, विहीर, काट्यांची वई, म्हणजे कुंपण, आणि त्या वईत माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. एवढ्याशा अंतरात आम्ही दोघी जावा नऊ वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो. सणाला नाही, दुखण्याला नाही, तिच्या मुलाच्या लग्नातही नाही. लग्नात मी वाढायला उभी होते. तिच्या पानात जिलबी वाढली, तिने हात आडवा धरला, मी बोटांच्या फटीतून वाढली. पण बोलणं नाही.

अगदी अडलंच तर ती माझ्या कोंबडीशी बोलायची. वईपाशी येऊन मोठ्याने म्हणायची, "सांग गो तुझ्या मालकिणीला, पंप चालूच हाय. इंद्राचा पाऊस न्हाय तो." मग मी तिच्या मांजराला सांगायचे, "आठवण दिली, बरं झालं म्हणून सांग." ते मांजर पुढे पुढे आम्ही दोघी दिसलो की उठून जायचं. त्याला निरोप पोचवायचा कंटाळा आला होता.

आणि आता ती जाणार होती. तिचा मुलगा न्हावा शेव्याला बंदरात नोकरीला. त्याने उरणकडे बाराव्या मजल्यावर घर घेतलं, सून नुकतीच बाळंत झालेली, आणि जाऊ-भावोजी महिनाअखेरीला घराला कुलूप लावून कायमचे तिकडे राहायला निघाले होते. ही बातमी मला मासळीवालीकडून कळली. त्या दुपारी मी आमटीत मीठ दोनदा घातलं. पाहुणे म्हणाले, वा, काय समुद्राची चव आहे.

ही जाऊ म्हणजे माझी कोण, ते सांगायला हवं. मी लग्न होऊन मुरुडला आले तेव्हा मला बोंबील कोणत्या बाजूने धरायचा तेही ठाऊक नव्हतं. तिने शिकवलं. दुपारी आम्ही दोघी पडवीत सुपारी सोलायला बसायचो, आणि सुपारी दहा तर माणसं शंभर सोलायचो. मुरुडात तेव्हा तेवढी वस्ती नव्हती जेवढ्यांची आम्ही सालं काढली. ती हसली की माडावरचे कावळे उडून राजपुरीला जात आणि संध्याकाळी परत येत. एवढं मोठं करमणुकीचं साधन साठ पावलांवर बंद पडलेलं, आणि आता तेही उचलून बाराव्या मजल्यावर नेणार. मला तिने जायच्या आधी बोलायला हवं होतं. भांडली असती तरी चाललं असतं.

आता यात समाज मानसशास्त्र कुठून आलं?

मी चार खोल्यांचं लॉज आणि घरगुती खानावळ चालवते. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि मला वाटलं, अर्धवट राहिलेली बी.ए. पुरी करून टाकावी. अलिबागला अभ्यासकेंद्र, एक रविवार आड तास. विषय निवडायला गेले तर इतिहासाच्या रांगेत चाळीस जण, मराठीच्या रांगेत तीस, आणि समाज मानसशास्त्राच्या टेबलापुढे फक्त पंखा. मी पंख्याखाली उभी राहिले. पुस्तक मिळालं ते एवढं जाड की एसटीत मांडीवर घेतलं तर कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागायचा. मी वाढवून सांगते असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी वाढवत नाही. बाकीचे कमी सांगतात.

शिकलेलं मला नुसतं ठेवता येत नाही. भाजी आणली की शिजवायची, तसंच. एका प्रकरणात होतं की काय करावं ते कळेनासं झालं की माणूस दुसऱ्याकडे बघतो आणि तो करतो ते करतो. मी विचार केला, म्हणजे कुठे जेवायचं ते गिऱ्हाइकाचं पोट ठरवत नाही, दारातल्या चपला ठरवतात. आमच्या गल्लीत पाच खानावळी. मी सकाळी किनाऱ्यावर गेले आणि भरतीने आणून टाकलेल्या चपला गोळा केल्या. त्यात डाव्याच जास्त. समुद्राला उजव्या आवडत असाव्यात. त्या धुऊन दारात मांडल्या, चौदा नग, जरा विस्कटून, घाईने आत गेल्यासारख्या. तासाभरात एक भरलेली गाडी थांबली. आत रिकामी टेबलं बघून त्यांनी विचारलं, "बाकीचे कुठायत?" म्हटलं, "मागे हात धुतायत." जेवून जाताना त्यातला एक जण समुद्राच्या दोन डाव्या चपला घालून गेला आणि स्वतःचे बूट ठेवून गेला. ते माझ्या नवऱ्याला बरोबर बसतात. विद्येचा आमच्या घराला झालेला पहिला लाभ.

दुसरा प्रयोग पुळणीवर झाला. एका कुटुंबाने ओहोटी बघून गाडी थेट पाण्याजवळ नेली, चाकं रुतली आणि भरती लागली. साठ माणसं बघत होती, त्यातली पंचावन्न मोबाइलवर. ती बिचारी बाई ओरडत होती, "कोणीतरी मदत करा हो!" मला पुस्तक आठवलं. जितकी माणसं जास्त, तितकं प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणी करील. म्हणून ‘कोणीतरी’ म्हणायचं नाही, एकाला धरायचं. मी वाळूत उभी राहून वर्गातल्यासारखी हजेरी घेतली. "अहो लाल टोपी! डावं चाक. गॉगल, तुम्ही उजवं. आईस्क्रीमवाले, आईस्क्रीम मुलाच्या हातात द्या आणि मागून ढकला." तिघेही लगेच भिडले. गाडी अशी सुटली की चालवणाऱ्याने वेळेवर सुकाणू फिरवलं नसतं तर जंजिऱ्यात जाऊन थांबली असती. तेव्हापासून गल्लीत मला पुस्तकवाली म्हणतात.

पण जावेला लागू पडेल असं काही सापडेना. चपला मांडून ती आली नसती, आणि बोट दाखवून ‘अहो निळं पातळ’ म्हटलं असतं तर तिने मांजर सोडलं असतं माझ्यावर.

मग तो रविवार आला. आमचे सर माझ्या मुलीच्या वयाचे, चष्मा नाकावर घसरणारा, आवाज बारीक. ते सांगत होते की आपण स्वतः चुकलो तर परिस्थितीकडे बोट दाखवतो, आणि दुसरा चुकला तर त्याच्या स्वभावाकडे. मी हात वर केला. "म्हणजे सर, मी घसरले तर फरशी ओली होती, आणि माझी जाऊ घसरली तर मेलीचं लक्षच नसतं." सगळा वर्ग हसला, म्हणजे आम्ही सहा जण. सर हसले नाहीत. त्यांनी गृहपाठ दिला. ज्या माणसावर राग आहे त्याची एक वागणूक घ्या, त्याने असं का केलं याची दहा कारणं लिहा, आणि त्या दहांत ‘स्वभाव’ हा शब्द येता कामा नये.

"सर," मी म्हटलं, "हा शब्द काढला तर माझ्या जावेवर वाक्यच होत नाही."

"म्हणूनच तुम्ही तीच घ्या," सर म्हणाले.

बारीक आवाजाची माणसं फार लांबून मारतात. परत येताना रेवदंड्याच्या पुलापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

वागणूक कोणती घ्यायची यात प्रश्न नव्हता. डब्याची.

आमच्याकडे शेजारी काही गोडधोड डब्यातून गेलं की तो डबा रिकामा परत येत नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर, एक सुपारी, दोन मिरच्या, काहीतरी टाकतात. रिकामा डबा घरी धाडणं म्हणजे तुझ्या घरी काही नसो, असं म्हणण्यासारखं. वैरीसुद्धा करत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी नारळाच्या वड्या केल्या आणि पितळी पेढेघाटी डबा भरून तिच्याकडे धाडला. तीनच दिवस आधी वाडीला पाणी लावायच्या पाळीवरून आमची जरा वाजली होती, म्हटलं वड्यांनी मिटेल. अर्ध्या तासात डबा परत आला. उघडला तर रिकामा. साखरेचा कण नाही. पुसून, कोरडा करून, चकचकीत रिकामा. मी तो डबा माळ्यावर फेकला आणि तोंड शिवलं. तिनेही शिवलं. का शिवलं ते मी कधी विचारलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा, एवढंच म्हणत राहिले.

तर मी वही उघडली. पाहुणे समुद्रावर गेलेले, नवरा घोरत होता. पहिलं कारण लिहिलं: पंपावरून राग. दुसरं: भावोजींशी भांडण. तिसरं: घरात खरंच काही नव्हतं. तिच्या घरात काही नाही! तिच्या फडताळात तेव्हा एवढे डबे होते की भिंतीला पोक आलं होतं. पण लिहिलं. चौथं: कोणी मध्येच आलं आणि ती विसरली. पाचवं: डोकं दुखत होतं. सहाव्याला स्वभाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं, कागदाला भोक पडलं. सहावं: तिला वड्या आवडल्या नाहीत. हे लिहिताना मी पेन दोनदा खाली ठेवलं, कारण माझ्या वड्या न आवडलेला माणूस या किनाऱ्यावर अजून जन्मला नाही. सातवं काही सुचेना. निव्वळ आकडा भरायला लिहिलं: डबा तिच्या हातात पडला तेव्हाच रिकामा होता.

आणि मी लिहिलेल्याकडे बघत बसले.

डबा नेला कोणी होता? आप्पांनी. दोन्ही घरांत उघडपणे ये-जा करणारा एकच माणूस. चुली वेगळ्या झाल्यापासून त्यांचं सकाळचं जेवण तिच्याकडे, रात्रीचं माझ्याकडे. आणि त्यांना मधुमेह. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, आम्ही दोघींनी पहारा लावलेला. म्हणजे वड्यांनी भरलेला डबा मी साठ पावलांच्या वाटेवर गोडाला तरसलेल्या माणसाच्या हातात दिला होता, आणि नऊ वर्षं जावेचा स्वभाव तपासत बसले होते.

आप्पा आता त्र्याऐंशीचे. काल काय जेवले ते त्यांना सांगता येत नाही. मी ओट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"आप्पा, नऊ वर्षांमागं मी वड्यांचा डबा दिलेला तुमच्याकडं. वहिनीकडं न्यायला."

"व्हय," आप्पा म्हणाले. लगेच. डोळ्यांत चमक आली माणसाच्या.

"त्यातल्या वड्या?"

"झकास झालेल्या."

"तुम्ही खाल्ल्यात?"

"चाखून बघितल्या."

"किती?"

"वीस."

"डब्यात किती होत्या, आप्पा?"

"वीस."

मी कपाळाला हात लावला. "आणि नऊ वर्षं बोलला नाहीत?"

"मला विचारलं कोणी?" आप्पा उलट माझ्यावरच चढले. "तू डबा उघडलास, बघितलास, फेकलास. तिनं पण तसंच. मी म्हटलं बायकांचं काय तरी असंल."

"मग नंतर? आम्ही बोलत नव्हतो ते दिसत नव्हतं?"

आप्पांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग लहान पोराने खिशातली चिंच दाखवावी तसं म्हणाले, "बाय, तुम्ही बोलत होतात तेव्हा माझं वाईट हाल. हिकडं खीर खाल्ली की तिकडं कळायचं, मग तिकडं नाचणीची भाकरी. तुम्ही बोलायच्या बंद झालात आणि माझी दिवाळी झाली. हिकडं थोडा शिरा, तिकडं बी थोडा शिरा. दोघींना वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरीकडं कोण देतंय."

नऊ वर्षं आमचे डॉक्टर त्यांच्या साखरेचा कागद उलटासुलटा करून बघत होते. गोळ्या बदलल्या, प्रयोगशाळा बदलली, एकदा तर डॉक्टर स्वतःच बदलून गेले.

"आप्पा, चला, हेच वहिनीला सांगा."

"मी न्हाय."

"अहो, ती जाणार आहे!"

"तर तर! ती पोराला सांगंल, पोर डागतराला सांगंल, आणि माझ्या चहातली उरलीसुरली साखर जाईल. मी काय वड्याबिड्या खाल्ल्या न्हाय. मला गोड आवडतच न्हाय."

पाच मिनिटांपूर्वी कबूल केलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत निर्दोष झाला. मी एकटी जाऊन सांगितलं असतं तर जाऊ म्हणाली असती, स्वतःचं झाकायला म्हाताऱ्यावर ढकलते. नऊ वर्षं जपलेला राग कोणी सांगितलं म्हणून सोडत नाही. माझाच सुटला नसता. तिला दिसायलाच हवं होतं.

म्हणून मी प्रयोग केला. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की प्रयोगातल्या माणसाची आधी संमती घ्यावी. मी नंतर घेतली.

माळ्यावरून तोच डबा काढला, चिंच लावून घासला. वड्या पाचच केल्या, करंगळीच्या नखाएवढ्या, गूळ नावाला. डब्याच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये घडी केलेली चिठ्ठी, तिच्यावर केळीचं पान, पानावर वड्या. चिठ्ठीत लिहिलं होतं: "वहिनी, डबा आत्ता पाच वड्या भरून धाडला आहे. नऊ वर्षांमागे वीस होत्या. आणणाऱ्याच्या मिश्या बघा."

सकाळी अकराच्या सुमाराला आप्पांच्या हातात डबा दिला. "वहिनी जाणार, काहीतरी गोड द्यायला हवं. सांभाळून न्या हं." आप्पांनी डबा छातीशी धरला तो देवाच्या मूर्तीसारखा. मी मागोमाग केळीच्या झाडांआड गेले.

विहिरीपर्यंत आप्पा शहाण्यासारखे चालले. विहिरीपाशी विसाव्याला बसले. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. वर बघितलं, कदाचित डॉक्टर माडावर असेल. मग झाकण उघडलं. मी तुम्हाला सांगते, वाघ शेळी खातो तेव्हा जरा तरी आवाज होतो. आप्पांनी पंच्याने डब्याची आतली कडसुद्धा पुसली. केळीच्या पानाकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. झाकण लावलं, उठले आणि तुरुतुरु जावेच्या पडवीत.

"धाकटीनं दिलाय," ते म्हणाले आणि बाकावर बसले.

जाऊ भांडी बांधत होती. डब्याकडे बघून तिने काम थांबवलं. ओळखलाच तिने. हळूच झाकण काढलं, आत बघितलं, आणि तिचा चेहरा मला केळीमागून दिसला. तो चेहरा मी नऊ वर्षांपूर्वी बघितला असता तर तिथल्या तिथे धावत गेले असते. राग नव्हता त्यावर. कोणीतरी तोंडावर दार लावल्यावर माणूस उभा राहतो, तशी उभी होती. डबा तिने अंगणात आणला आणि पान कोंबड्यांना टाकायला उपडा केला. ती तशीच वळून आत गेली असती तर संपलं होतं. बाराव्या मजल्यावर डबा न्यायला आप्पा चढणार नव्हते.

पानाबरोबर चिठ्ठी पडली.

तिने ती उचलली. चष्मा शोधायला आत गेली. तो तिच्या डोक्यावरच होता, पण मी सांगणार कशी? बाहेर आली, डोक्यावरून चष्मा काढला, वाचलं. पुन्हा वाचलं. मग आप्पांकडे बघितलं.

"आप्पा, मिशीला काय लागलंय?"

"चुना."

"चुना तपकिरी कधीपासून झाला?"

आप्पांनी फक्त जीभ बाहेर काढून पुरावा आत घेतला.

मग जाऊ वळली आणि नऊ वर्षांनी माझ्याशी पहिला शब्द बोलली. बोलली कसली, ओरडली. माडावरचे कावळे उडाले. "अगो बाय! केळीमागं उभी हायस ती दिसतेस मला, एवढी पण बारीक न्हायस तू! वड्यांत गूळ घातलास? गूळ? साखरेच्या करायच्या असतात वड्या, किती वेळा शिकवलं तुला! नऊ वर्षं एकटीला सोडली तर स्वैपाक पार विसरलीस!"

मी वईच्या फटीतून आडवी होऊन पलीकडे गेले. साडी फाटली. ती अजून बोलतच होती. गुळानंतर पंप आला, पंपानंतर लग्नातली जिलबी. मी मधे ‘वहिनी, अहो’ म्हणून बघितलं, पण नऊ वर्षांचं धरण फुटलेलं, त्यात माझी होडी कुठली तरणार? शेवटी ती दमून पायरीवर बसली आणि मी शेजारी बसले.

"मला रिकामा डबा आला," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं पंपावरून तू मला असं केलंस. मग मी पण तसाच धाडला. धाडला आणि खिडकीत उभी राहिले. म्हटलं, आता येईल भांडायला. संध्याकाळपर्यंत उभी होते."

"मी पण मागच्या दारात उभी होते," मी म्हटलं. "तुम्ही येता का बघत."

"आली असतीस तर त्याच दिवशी मिटलं असतं."

"तुम्ही आला असतात तरी."

मला तिथे रडू आलं, असं ती सगळ्यांना सांगते. खोटं आहे. मी घरातून निघताना कांदा चिरून निघाले होते आणि तो वाटेत लागला. खानावळीत आठ माणसं जेवायला येऊन बसली होती. ती दोनला उठून दुसऱ्या खानावळीत गेली. त्यांच्या चपला दारातून गेल्या त्याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही.

महिनाअखेरीला अकरा दिवस उरले होते. आम्ही दोघी रोज पडवीत सुपारी घेऊन बसलो आणि नऊ वर्षांचं गाव सोलून काढलं, दिवसाला दहा महिने या वेगाने. कोणाचं लग्न मोडलं, कोणी गच्ची बांधताना शेजाऱ्याची हवा अडवली, सगळं. तिने माझी वही मागून घेतली आणि ती दहा कारणं वाचली, शेवटची तीन मी मागाहून भरली होती. सहाव्यापाशी थांबून म्हणाली, "वड्या आवडल्या नाहीत? हे खरं असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं. तेवढी तरी ओळख ठेवायची होतीस." मी ते कारण तिच्यासमोर खोडलं. सरांनी गृहपाठाला चांगले गुण दिले, पण खाली बारीक अक्षरात लिहिलं की प्रयोग मनोरंजक आहे, मात्र वृद्धाला आहाराच्या बाबतीत फसवणं योग्य नव्हे. मी आप्पांना वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "तो मास्तर शाणा हाय. शिकलेल्या सुनांनी घरं बिघडतात." त्यांच्यावरचा पहारा आता चौपट झाला आहे. साखर उतरली आणि तोंडही.

मी यातून काय शिकले असं कोणी विचारलं तर खरं सांगू? पुस्तक मला म्हणत होतं की माणसाकडे बघण्याआधी त्याच्या भोवती बघ. ते बरोबरच आहे. पण मी त्याहून सोपं शिकले. वाईट वाटलं तर साठ पावलं चालून जायचं आणि तोंडावर विचारायचं, ‘का गो, असं का केलंस?’ भांडण होतं. होऊ दे. भांडण पंधरा मिनिटांचं असतं, न विचारता धरलेला राग घरात माणसासारखा राहतो, जेवतो, पाहुण्यांना मीठ जास्त घालतो.

ती गेली. टेम्पोत सामान, पुढे भावोजी आणि ती. गाडी वळणावर गेली आणि मी आत येऊन भात टाकला. भात अजून शिजला नव्हता तोवर फोन. काशिदलासुद्धा पोचली नव्हती. "अगो, तू हात हलवलास की डास मारलास?" तेव्हापासून रोज दुपारी फोन असतो.

परवा ती बाराव्या मजल्यावरच्या समोरच्या बाईबद्दल सांगत होती. दार उघडते, हिच्याकडे बघते, आणि एक शब्द न बोलता लावून घेते. मी शिकलेली बाई, मी म्हटलं, "वहिनी, तिच्या घरात कोणी आजारी असेल. नाहीतर तिला मराठी येत नसेल. परिस्थिती बघायला हवी."

जाऊ म्हणाली, "बाय, तुझी परिस्थिती घाल चुलीत. ती बाई कशी हाय ते मी जाऊन विचारीन, उद्या वड्या घेऊन जाणारच हाय तिच्याकडं, साखरेच्या. पण ते उद्या. आज मला तिच्यावर तासभर बोलायचं हाय. तू ऐकतेस की ठेवू?"

बाहेर सहा पाहुणे सोलकढीची वाट बघत होते. एक जण दोनदा हाक मारून गेला होता. मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, पाट सरकवला, भिंतीला टेकून नीट बसले.

"ठेवता कशाला," मी म्हटलं. "दिसते कशी ती, आधी ते सांगा."